सांधा आणि सरस : विजेच्या गिटारच्या दांडीचा इतिहास



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, फार तर सीमाभागातील मराठी शिक्षणावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. ती अपेक्षा आज मी मोडणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी भाषेचे शिक्षक नव्हते. ते आम्हाला हस्तव्यवसाय, म्हणजे सुतारकाम शिकवीत. या व्यासपीठावर गेल्या अनेक वर्षांत साहित्य, समाजकारण, स्वातंत्र्यलढा असे नाना विषय झाले. सुतारकाम मात्र एकदाही झाले नाही. ती उणीव भरून काढावी असे मनात होते. निमित्त मिळाले ते माझ्या नातवाकडून.

माझा नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने वखारीतून महोगनीचे दोन तुकडे आणले आणि माडीवर विजेची गिटार करावयास घेतली. वाद्याचे धड झाले, दांडी झाली आणि त्या दोहोंना जोडण्याची वेळ आली. दांडीच्या टोकाशी त्याने एक चौकोनी जीभ काढली होती आणि धडात तिच्यासाठी खाच पाडली होती. एके दिवशी ते दोन्ही तुकडे हातात घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, याला मराठीत काय म्हणतात?" उत्तर मला येत होते. ते मला विद्यापीठात मिळाले नव्हते. याच शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुजींनी दिले होते. जिभेला कुसू म्हणतात आणि खाचेला खोबण. आपल्या जुन्या घरांच्या दारांच्या चौकटी याच सांध्यावर उभ्या आहेत. दरवाजाच्या चौकटीतला सांधा अमेरिकेतल्या विजेच्या वाद्यात कसा जाऊन बसला, या कुतूहलातून मी जे वाचले आणि पाहिले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम अडचण काय आहे ते पाहू. इंग्रजीत ज्याला वाद्याची मान म्हणतात त्याला आपण सतारीवरून दांडी म्हणू. गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारणपणे चाळीस ते पन्नास किलोच्या घरात जातो. म्हणजे एक शाळकरी मूल त्या दांडीला अहोरात्र लोंबकळत असते असे समजा. हा ताण दांडीला पुढे, तारांच्या बाजूला ओढतो आणि त्याचा सारा भार दांडी जेथे धडाला मिळते त्या ठिकाणी येतो. तारवाद्यांच्या कारागिरांनी गेली काही शतके या एका जागेशी झुंज घेतली आहे.

व्हायोलिनचे उदाहरण उद्बोधक आहे. इटलीतील क्रेमोना येथील आन्तोनिओ स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला. त्याच्या काळी व्हायोलिनची मान धडाच्या आतल्या ठोकळ्याला सरस लावून आणि आतून खिळे मारून बसवीत. पुढे मैफलींची दालने मोठी झाली, सूर चढला, तारांचा ताण वाढला. तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी युरोपभरच्या कारागिरांनी जुन्या व्हायोलिनांच्या माना काढल्या आणि त्या जागी अधिक लांब, अधिक कललेल्या माना ठोकळ्यात खोबण पाडून बसवल्या. आज स्त्रादिवारीच्या म्हणून जी वाद्ये वाजतात त्यांपैकी बहुतेक सर्वांच्या माना अशा बदललेल्या आहेत. हे शक्य झाले, कारण जुना सरस उष्णता आणि ओलावा दिला की सुटतो. तो कायमचा असता तर ती वाद्ये आज संग्रहालयातील कपाटांत मुकी पडली असती.

गिटारचा इतिहास याहून अधिक मनोवेधक आहे, कारण त्यात सुतारांचा मानापमान गुंतलेला आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्खेन नावाचे वाद्यकारांचे गाव आहे. तेथे १७९६ मध्ये जन्मलेला ख्रिस्तियान फ्रीडरिख मार्टिन हा लाकडी सामान करणाऱ्या सुताराचा मुलगा. व्हिएन्नात योहान श्टाउफर या नामांकित कारागिराच्या हाताखाली तो गिटार करावयास शिकला आणि गावी परतला. तेथे व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाने १८२६ पासून तक्रार मांडली होती की, गिटार करण्याचा अधिकार आमचा आहे. कपाटे नि खुर्च्या करणाऱ्यांनी त्यात हात घालू नये. आम्ही कलावंत आणि हे नुसते लाकूडकाम करणारे, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. सुतारांनी आपला अधिकार राखला खरा. परंतु मार्टिन या जाचाला कंटाळला आणि १८३३ मध्ये न्यूयॉर्कला निघून गेला. काही वर्षांतच त्याने पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे बस्तान हलवले आणि त्या घराण्याचा व्यवसाय तेथे आजही चालू आहे. वर्णव्यवस्थेच्या देशात जन्मलेल्या आपणांस हा वाद परका वाटू नये.

श्टाउफरच्या गिटारींची एक खुबी येथे सांगितली पाहिजे. त्यांची दांडी स्क्रूवर तोललेली असे आणि घड्याळाला किल्ली द्यावी तशी किल्ली फिरवून तिचा कोन कमीजास्त करता येई. मार्टिननेही आरंभी तशाच गिटारी केल्या. नंतर तो सरसाने बसवलेल्या, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या पाचरी सांध्याकडे वळला. हलती दांडी की पक्की दांडी, हा प्रश्न विजेच्या गिटारपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांनी जुना आहे, हे एवढ्यासाठी सांगितले.

आता विजेकडे येऊ. १९३१ मध्ये जॉर्ज बोशँप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जी पहिली यशस्वी विजेची गिटार सिद्ध केली तिच्या नमुन्यात धड आणि दांडी मेपलच्या एकाच लाकडातून कोरलेली होती. १९३२ पासून रिकनबॅकरच्या कारखान्यात ती ओतीव ॲल्युमिनियमची होऊ लागली आणि तिच्या आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणू लागले. सांधाच नाही, म्हणून सांध्याची चिंता नाही! पण धातू रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने प्रसरण पावे आणि सूर बिघडे. एक प्रश्न टाळला की दुसरा दारात उभा राहतो, तो असा.

१९५० मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडरने भरीव धडाची गिटार बाजारात आणली. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार वाजवावयास तो कधी शिकला नाही. त्याने दांडीकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. यंत्राचा भाग झिजला की बदलावा, तशी दांडीही बदलता आली पाहिजे. म्हणून त्याने धडात उथळ खाच पाडली, मेपलची दांडी तीत बसवली आणि मागून चार स्क्रूंनी आवळली. सरसाचा थेंब नाही. जुन्या कारागिरांनी नाके मुरडली, पण ती गिटार उभी राहिली.

मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये त्याला उत्तर दिले. ही १९०२ मध्ये स्थापन झालेली, मॅन्डोलिन आणि पोकळ गिटारींची जुनी पेढी. प्रसिद्ध वादक लेस पॉल याच्या नावाने तिने भरीव गिटार काढली. महोगनीचे धड, वर मेपलचे कवच आणि कुसू-खोबणीत सरसाने बसवलेली महोगनीची दांडी. नव्या युगाचे वाद्य करतानाही या पेढीने परंपरेचा सांधा सोडला नाही. मात्र पहिल्याच वर्षी तिच्या हातून जी चूक झाली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

दांडी धडाला सरळ रेषेत जोडून चालत नाही. धडावर ज्या घोडीवरून तारा जातात ती उंच असते. तारांनी दांडीवरील पडद्यांना जवळून समांतर जावे म्हणून दांडी किंचित मागे कललेली असावी लागते. १९५२ च्या त्या गिटारींत हा कल फारच उथळ ठेवला गेला. परिणाम असा की, तारा घोडीच्या दांड्यावरून नेल्या तर त्या पडद्यांपासून फार उंच राहत, म्हणून त्या दांड्याखालून ओढून घ्याव्या लागल्या. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून नाद दाबण्याची लेस पॉलची लकब त्यामुळे अशक्य झाली आणि तो नाराज झाला. फेंडरच्या कारखान्यात ही चूक झाली असती, तर स्क्रू सैल करून खाचेत लाकडाची एक चिपटी सरकवून भागले असते. सरसाच्या सांध्यात ती सोय नाही. गिब्सनने १९५३ मध्ये कल वाढवला, नवी घोडी बसवली. विकल्या गेलेल्या गिटारी मात्र तशाच राहिल्या.

हा कल किती नाजूक असतो याचा हिशेब नातवाने मला कागदावर करून दाखवला. या जातीच्या गिटारीत तारेची वाजती लांबी सुमारे ६२८ मिलिमीटर असते आणि दांडी सोळाव्या पडद्याशी धडाला मिळते. तेथून घोडी सुमारे २५० मिलिमीटर दूर. सांध्यात एका अंशाची चूक झाली, तर घोडीपाशी तिचे सव्वाचार मिलिमीटर होतात. वादकाच्या बोटाखाली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही जाणवतो. तेव्हा दांडी बसवणे म्हणजे दोन लाकडे चिकटवणे नव्हे. एक कोन आणि एक रेषा कायमची ठरवून टाकणे होय.

हे काम चांगला कारागीर कसे करतो? तो प्रथम सरसाचे भांडे दूर ठेवतो. खोबण आधी पाडतो आणि कुसू मुद्दाम अंगाने किंचित जाड ठेवतो. मग पेन्सिलीची भुकटी किंवा खडू खोबणीच्या भिंतींना चोळून कुसू आत दाबतो आणि काढतो. जेथे डाग उमटला तेथे लाकूड उंच आहे. तेवढेच पटाशीने वा कानशीने खरवडतो. पुन्हा दाबतो, पुन्हा पाहतो. हे वीस वेळा होते, तीस वेळा होते. मधून मधून पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोन दोरे ताणून ते दांडीच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातात की नाही हे तो तपासतो आणि दांडीवर सरळ पट्टी ठेवून ती घोडीच्या जागी किती उंच निघते ते मोजतो. अखेरीस कुसू हाताच्या दाबाने आत जाते, आणि धड हवेत उचलून धरले तरी कोरडी दांडी आपल्या वजनाने गळून पडत नाही. मगच सरस. कुसू टोकाशी खोबणीच्या तळाला अगदी भिडू देत नाहीत. थोडी जागा सोडतात, नाही तर कोंडलेला सरस दांडीला बाहेर रेटतो. मग शिकंजा आवळतात, तोही माफक. अति आवळला तर सरस पिळून निघून जातो. चोवीस तास हात लावायचा नाही.

सरसाविषयी दोन शब्द. जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेला जुना सरस पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून साठ अंशांच्या आसपास ऊन ठेवतात. उकळला की त्याचे बळ जाते. तो लावून झटपट जोडावे लागते, कारण निवू लागताच तो थिजतो. आजकाल बाटलीतला पांढरा किंवा पिवळा कृत्रिम गोंद वापरतात. त्याला घाई नाही आणि सांधा नीट बसलेला असेल तर तोही लाकडाइतकाच भक्कम धरतो. परंतु दोघांचाही स्वभाव एक आहे. त्यांचा थर जितका पातळ तितकी पकड घट्ट. 'सरस' या शब्दाचा दुसरा अर्थ वरचढ असा आहे, हे भाषेच्या शिक्षकाने सांगायला नको; पण सांध्याच्या कामात सरस कधीच सांध्याहून सरस ठरत नाही.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करतो. सरसाने जोडलेली गिटार श्रेष्ठ आणि स्क्रूची हलकी, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेन्ड्रिक्सने जी गिटार वाजवली ती स्क्रूंच्या दांडीची होती, बी. बी. किंगने ज्या गिटारींना ल्युसिल म्हणून लाडावले त्यांतील विख्यात गिब्सन सरसाच्या दांडीच्या होत्या. कोणाला श्रेष्ठ म्हणावे? दोन सांधे ही दोन प्रकारची शहाणपणे आहेत. एक म्हणते, चूक होणारच, ती सुधारता आली पाहिजे. दुसरे म्हणते, आधीच इतके नीट करू की सुधारावे लागू नये. पहिल्यात दुरुस्तीला जागा आहे. दुसऱ्यात सबबीला जागा नाही.

आपल्या बेळगावकरांना हे सारे पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. गाडीत बसले की मिरज येते. तेथील सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला आणि त्या गल्लीत ती विद्या पिढ्यान्पिढ्या राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे तुणाच्या लाकडाची पोकळ दांडी आणि भोपळा यांना जोडणारा लाकडी गळा सरसाने बसवताना मी पाहिला आहे. ना त्यांना गिब्सन ठाऊक, ना गिब्सनला ते. पण कोरडा सांधा पुनःपुन्हा लावून पाहण्याची रीत तीच. मार्कनॉयकिर्खेनचा सुतार आणि मिरजेचा शिकलगार, दोघेही मूळ दुसऱ्याच धंद्यातले, दोघेही हाताच्या बळावर वाद्यकार झाले. संगीताच्या इतिहासात गायक-वादकांची चरित्रे असतात. ज्यांच्या सांध्यांवर ते संगीत उभे आहे त्यांना बहुधा तळटीपही मिळत नाही.

आता जे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. इयत्ता आठवीत वार्षिक परीक्षेसाठी आम्हाला चौरंग करावयाचा होता. मी वर्गात पहिला येणारा मुलगा. सुतारकामाच्या तासाला मी पुस्तक लपवून वाचीत असे, कारण हा विषय हुशार मुलांचा नव्हे अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या चौरंगाचा एक पाय खोबणीत सैल झाला. मी सरसात लाकडाचा भुसा कालवला, फट लिंपली, वरून काचकागद मारला. दिसावयास तो वर्गात सर्वांत सुबक होता. गुरुजींनी तो हातात घेतला, फिरवला, खाली ठेवला आणि पूर्ण गुण दिले. तो चौरंग त्यांनी शेडमध्ये खिडकीखाली ठेवून दिला. जुलै उजाडला. आपल्याकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. एके दिवशी त्यांनी मला बोलावले आणि चौरंग उचलावयास सांगितले. तो वर आला. पाय जमिनीवरच राहिला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, सरस धरतो, भरत नाही."

मी मान खाली घालून तेथून गेलो. क्षमा मागितली नाही. पुढे पीएच.डी.चा प्रबंध लिहिताना एका प्रकरणातील युक्तिवाद सैल पडला होता आणि मी तो भारदस्त शब्दांनी लिंपीत होतो. तेव्हा मध्यरात्री हे वाक्य मला आठवले आणि ते प्रकरण फाडून मी पुन्हा लिहिले. तीस वर्षे विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना समासात मी अनेकदा 'भुसा' एवढाच शब्द लिहीत असे. विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ कळत नसे आणि तो कोठून आला हे मी कोणाला सांगितले नाही. गुरुजी हयात असताना त्यांच्या घरी जाऊन हे ऋण मान्य करावे, हे मला सुचले नाही असे नाही. प्राध्यापकाचा अभिमान आड आला. ती क्षमा मी आज, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या साक्षीने, मागत आहे.

नातवाची कुसूही खोबणीत सैल झाली होती, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. गोंदात भुसा कालवून भरावा का, असे त्याने मला विचारले. मी त्याला चौरंगाची गोष्ट सांगितली. त्याने कुसूच्या दोन्ही अंगांना लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला, वाळू दिला आणि पुन्हा पेन्सिलीची भुकटी घेऊन बसला. पाच संध्याकाळी गेल्या. पावसाची झड ओसरून हवा कोरडी होईपर्यंत तो थांबला, मग गोंद लावला. गेल्या श्रावणातली ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्याने तारा चढवल्या. ते संगीत मला फारसे कळत नाही. पण दांडी अजून तसूभर हललेली नाही.

मागची ती पत्र्याची शेड आता नाही आणि हस्तव्यवसायाचा तासही वेळापत्रकात उरलेला नाही. कार्यकारी मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, या व्याख्यानमालेच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून आठवड्यातून एक तास, एक बाक आणि चार पटाश्या मुलांसाठी उपलब्ध कराव्यात. गुरुजींचे स्मारक म्हणून माझे हे भाषण पुरेसे नाही.